धोक्याच्या क्षेत्रातील विद्युत उपकरणे : निवड, जोडणी आणि तपासणीची पायरीपायरीने ओळख

ज्वलनशील वायू, द्रवाची वाफ किंवा बारीक धूळ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली आणि त्या मिश्रणाला पुरेशी ठिणगी किंवा पुरेसा तापलेला पृष्ठभाग मिळाला, की स्फोट होतो. रसायनांचे कारखाने, तेलशुद्धीकरण केंद्रे, रंग आणि औषधे तयार करणारे विभाग, पिठाच्या गिरण्या, साखरेची कोठारे अशा ठिकाणी इंधन आणि हवा या दोन गोष्टी कामाचाच भाग म्हणून हजर असतात. तिसरी गोष्ट अनेकदा विद्युत आणि इन्स्ट्रुमेंट विभागातील माणसेच तेथे घेऊन जातात. मोटर, दिवा, स्विच, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, ट्रान्समीटर या प्रत्येकात ठिणगी पडण्याची किंवा तापण्याची शक्यता असते. अशा ठिकाणी नव्याने काम सुरू करणाऱ्या अभियंत्यांसाठी, तंत्रज्ञांसाठी आणि देखभाल पर्यवेक्षकांसाठी हा लेख आहे.

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणते उपकरण घ्यायचे?’ हा असतो. खरे तर तो बराच नंतरचा प्रश्न आहे. पदार्थ कोणता, तो हवेत कुठे आणि किती वेळ राहतो, किती तापमानाला पेटतो, हे ठरल्याशिवाय उपकरणाच्या निवडीला आधार नसतो. आणि योग्य उपकरण निवडूनही त्याच्या झाकणाचा एक बोल्ट राहून गेला, तर प्रमाणपत्र कागदावरच राहते. पुढील पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत, आणि हा क्रम बदलू नये अशी आग्रहाची विनंती आहे.

जगभर या विषयाचा पाया म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाची ६००७९ ही मानकमालिका वापरली जाते. युरोपात उपकरणांसाठी अ‍ॅटेक्स निर्देश २०१४/३४ आहे आणि तो २० एप्रिल २०१६ पासून लागू झाला. उत्तर अमेरिकेत क्लास आणि डिव्हिजन अशी जुनी विभागणी अजूनही प्रचलित आहे. या लेखात झोन पद्धत, म्हणजे स्फोटक मिश्रण किती वेळ असू शकते यावरून क्षेत्राचे भाग पाडण्याची पद्धत, धरली आहे. आपल्या देशाचा कायदा आणि प्रमाणन यंत्रणा काय मागते, हे काम सुरू करण्यापूर्वी स्वतंत्रपणे तपासावेच लागते.

पहिली पायरी : पदार्थाची माहिती गोळा करणे

कारखान्यात असलेल्या प्रत्येक ज्वलनशील पदार्थाची यादी करून प्रत्येकापुढे काही आकडे लिहावेत. वायू आणि वाफेच्या बाबतीत स्फोटाची खालची आणि वरची मर्यादा, द्रवाचा फ्लॅश पॉइंट (पेटू शकेल इतकी वाफ सुटू लागते ते तापमान), स्वयंप्रज्वलन तापमान (ठिणगीशिवाय पेटण्याचे तापमान), हवेच्या तुलनेतील घनता आणि वायुगट हे आकडे लागतात. पदार्थाच्या सुरक्षा माहितीपत्रकात यांपैकी बरेच मिळतात, पण वायुगट तेथे सहसा नसतो आणि तो मानकातील तक्त्यातून घ्यावा लागतो.

या आकड्यांचा अर्थ काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल. हायड्रोजन हवेत सुमारे ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांहून अधिक प्रमाणापर्यंत पेटू शकतो, तर प्रोपेनची मर्यादा ढोबळमानाने २ ते १० टक्के एवढीच आहे. प्रोपेन पेटवण्यासाठी साधारण ०.२५ मिलिज्यूल ऊर्जेची ठिणगी लागते, हायड्रोजनला मात्र सुमारे ०.०२ मिलिज्यूल पुरते. कोरड्या हवेत चालताना माणसाच्या अंगावर साठणाऱ्या स्थिरविद्युतेची ठिणगी १० मिलिज्यूलपर्यंत जाऊ शकते. हे आकडे शेजारी ठेवून पाहिले, की पादत्राणांचे आणि अर्थिंगचे नियम इतके कडक का असतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

घनता हा आकडा अनेकजण वाचून सोडून देतात, पण जागेचा विचार करताना तोच सर्वाधिक उपयोगी पडतो. पेट्रोलची वाफ आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने केबलचे चर, गटारे आणि खड्डे यांत साचून राहतात आणि गळतीच्या जागेपासून दूर पोहोचतात. हायड्रोजन आणि मिथेन वर जातात, म्हणून छताखालची बंद जागा त्यांच्यासाठी धोक्याची ठरते.

वायुगट उपकरणाच्या पाटीवर रोमन आकड्यांत लिहिलेले असतात आणि बोलताना त्यांना टू-ए, टू-बी आणि टू-सी म्हणतात. प्रोपेन टू-ए गटाचा, इथिलीन टू-बी गटाचा, तर हायड्रोजन आणि अ‍ॅसिटिलीन टू-सी गटाचे नमुनेदार वायू आहेत. गट वन हा मिथेन असलेल्या भूमिगत खाणींसाठी राखलेला आहे, तर गट थ्री धुळीसाठी आहे. ज्या अरुंद फटीतून ज्वाला पलीकडचे मिश्रण पेटवू शकत नाही, त्या फटीची कमाल रुंदी हा या विभागणीचा एक आधार आहे. प्रोपेनसाठी ती ०.९ मिलिमीटरच्या किंचित वर, इथिलीनसाठी सुमारे ०.६५ आणि हायड्रोजनसाठी सुमारे ०.२९ मिलिमीटर असते.

गट आणि तापमानवर्ग यांची सांगड घालण्याची चूक नवखे लोक हमखास करतात. हायड्रोजन सर्वांत कडक गटात असूनही त्याचे स्वयंप्रज्वलन तापमान सुमारे ५६० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागाच्या दृष्टीने तो सौम्य आहे. कार्बन डायसल्फाइड मात्र १०० अंशांच्या आतच पेटतो. त्यामुळे हे दोन आकडे नेहमी वेगवेगळे तपासावेत.

दुसरी पायरी : क्षेत्राचे वर्गीकरण

आता पदार्थ कुठून बाहेर येतो ते पाहायचे. टाकीच्या आतला द्रवाचा पृष्ठभाग सतत वाफ सोडतो, नमुना घेण्याचा नळ वापराच्या वेळी थोडी वाफ सोडणारच, आणि पंपाचे सील किंवा फ्लँजचा गॅस्केट बिघडला तरच गळतो. उत्सर्जनाचे हे अनुक्रमे अखंड, प्राथमिक आणि दुय्यम असे तीन दर्जे आहेत. दर्जा, वायुवीजन आणि ते वायुवीजन कितपत खात्रीचे आहे, या तीन गोष्टींवरून झोन ठरतो.

स्फोटक मिश्रण सतत किंवा दीर्घकाळ असते तो झोन ०, नेहमीच्या कामात अधूनमधून होऊ शकते तो झोन १, आणि नेहमीच्या कामात अपेक्षित नसते व झालेच तर थोडा वेळ टिकते तो झोन २. आंतरराष्ट्रीय मानकाची ही व्याख्या तासांचा आकडा देत नाही. तरीही उद्योगात एक ढोबळ माप वापरले जाते. त्यानुसार वर्षाला १,००० तासांहून अधिक असल्यास झोन ०, १० ते १,००० तासांच्या दरम्यान झोन १ आणि त्याहून कमी असल्यास झोन २ धरतात. धुळीसाठी याच अर्थाचे झोन २०, २१ आणि २२ आहेत.

हे काम एकट्या विद्युत अभियंत्याने करू नये. प्रक्रिया, सुरक्षा आणि देखभाल विभागांतील जाणकारांनी एकत्र बसून नकाशावर झोनच्या सीमा आखायच्या असतात, आणि प्रत्येक सीमा तेथेच का आखली याचे कारण लिहून ठेवायचे असते. सर्व भाग सरसकट झोन १ दाखवला की आपण सुरक्षित झालो, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. तो मला धोकादायक वाटतो, कारण अशा नकाशात खरोखर कुठे सावध राहायचे हेच हरवते आणि गळती कमी करण्याचा प्रयत्न मागे पडतो.

नकाशा तयार झाला की लगेच एक प्रश्न विचारावा : हे उपकरण झोनच्या बाहेर नेता येईल का? नियंत्रण पॅनेल भिंतीपलीकडे, जंक्शन बॉक्स काही मीटर अलीकडे, दिवा खिडकीबाहेर. जे उपकरण आत नाही त्याची तपासणी करावी लागत नाही आणि ते कधी स्फोट घडवू शकत नाही.

तिसरी पायरी : तापमानवर्ग ठरवणे

उपकरणाचा वायूच्या संपर्कात येऊ शकणारा सर्वांत तापलेला भाग किती तापतो, यावरून सहा वर्ग केले आहेत. टी१ ला ४५०, टी२ ला ३००, टी३ ला २००, टी४ ला १३५, टी५ ला १०० आणि टी६ ला ८५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा आहे. उपकरणाचा आकडा पदार्थाच्या स्वयंप्रज्वलन तापमानापेक्षा कमी असला पाहिजे. पाटीवर वेगळे काही लिहिलेले नसेल तर हा वर्ग उणे २० ते अधिक ४० अंश परिसर तापमानासाठीच खरा असतो. भट्टीशेजारी किंवा उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या छताखाली परिसर ५० अंशांवर जात असेल, तर त्या तापमानासाठी प्रमाणित केलेलेच उपकरण घ्यावे लागते.

धुळीचा हिशेब वेगळा आहे, कारण धूळ ढगाच्या रूपातही पेटते आणि उपकरणावर बसलेल्या थराच्या रूपातही. पृष्ठभागाचे तापमान ढगाच्या प्रज्वलन तापमानाच्या दोनतृतीयांशापेक्षा जास्त नसावे, आणि ५ मिलिमीटर जाडीच्या थराच्या प्रज्वलन तापमानापेक्षा किमान ७५ अंशांनी कमी असावे. समजा एखाद्या धुळीचा ढग ४२० अंशांना आणि थर ३१० अंशांना पेटतो. पहिल्या नियमाने २८० अंश आणि दुसऱ्याने २३५ अंश येतात, म्हणून मर्यादा २३५ अंश धरायची. थर जाड झाला की तो उष्णता कोंडून ठेवतो आणि ही मर्यादा आणखी खाली येते. त्यामुळे धुळीच्या विभागात झाडलोट हा स्फोटसंरक्षणाचाच भाग आहे, आणि ती दाबाच्या हवेने न करता योग्य प्रमाणित व्हॅक्यूम क्लीनरने करावी, कारण फुंकलेली धूळ पुन्हा ढग बनते.

चौथी पायरी : संरक्षणाची पद्धत निवडणे आणि पाटी वाचणे

आता उपकरणाकडे वळता येते. पाटीवर ‘एक्स’ (Ex) या चिन्हापुढे येणारे लहान अक्षर संरक्षणाची पद्धत सांगते. डी म्हणजे फ्लेमप्रूफ, ई म्हणजे इन्क्रीज्ड सेफ्टी, आय म्हणजे इंट्रिन्सिक सेफ्टी, पी म्हणजे आत दाब राखलेले आवरण, एम म्हणजे रेझिनमध्ये बंदिस्त केलेले, आणि टी म्हणजे धुळीपासून आवरणाने केलेले संरक्षण. शेवटी संरक्षणस्तर येतो. वायूसाठी जीए झोन ० ला, जीबी झोन १ ला आणि जीसी झोन २ ला चालतो, आणि धुळीसाठी डीए, डीबी, डीसी असेच वाचायचे. वरच्या स्तराचे उपकरण खालच्या झोनमध्ये चालते, उलट चालत नाही. गटांचेही तसेच आहे : टू-सी चे उपकरण टू-ए च्या वायूला चालते, टू-ए चे टू-सी ला चालत नाही.

म्हणजे ‘एक्स डीबी, टू-सी, टी४, जीबी’ अशी पाटी (येथे ‘डीबी’ हा धुळीचा स्तर नव्हे; ‘डी’ ही पद्धत आणि ‘बी’ हा तिचा स्तर) असलेली मोटर फ्लेमप्रूफ आहे, हायड्रोजनलाही चालते, १३५ अंशांवर तापत नाही आणि झोन १ मध्ये बसवता येते. प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी एक्स (X) हे इंग्रजी अक्षर असेल, तर वापराच्या विशेष अटी आहेत असे समजून प्रमाणपत्र उघडून त्या वाचल्याशिवाय उपकरण बसवू नये. प्लास्टिकच्या आवरणाबाबत बहुधा ती अट स्थिरविद्युतेची असते आणि पुसताना ओले फडकेच वापरावे लागते. शेवटी यू असेल तर तो केवळ सुटा भाग आहे, स्वतंत्र उपकरण म्हणून तो बसवता येत नाही.

पाचवी पायरी : जोडणी

या पायरीवर मी सर्वाधिक थांबणार आहे, कारण नवख्या माणसाच्या हातात प्रत्यक्ष येते ते हेच काम.

फ्लेमप्रूफ आवरण हवाबंद नसते. वायू आत शिरेल आणि आत स्फोटही होईल असे गृहीत धरूनच ते बनवलेले असते. आवरणाने तो दाब सोसायचा असतो, आणि झाकण व बॉक्स यांच्यामधल्या लांब, अरुंद धातूच्या सांध्यातून बाहेर पडताना तापलेला वायू इतका थंड व्हायचा असतो की बाहेरचे मिश्रण पेटत नाही. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी खाणीच्या दिव्याभोवती बारीक जाळी बसवली, तेव्हा तिच्यामागेही धातूने ज्वालेची उष्णता शोषून घेण्याचेच तत्त्व होते. म्हणून सांध्याचे पृष्ठभाग हा या उपकरणाचा प्राण आहे. त्यावर ओरखडा, गंज किंवा रंग असू नये. सांधा उघडल्यावर तो मऊ, न खरडणाऱ्या साधनाने पुसावा आणि उत्पादकाने सांगितलेले, न सुकणारे ग्रीस पातळ लावावे. पाणी येते म्हणून सिलिकॉनचा लेप भरणे किंवा स्वतः गॅस्केट कापून बसवणे ही चांगल्या हेतूने केलेली, पण संरक्षण संपवणारी कृती आहे.

सर्व बोल्ट बसले पाहिजेत, आणि ते मूळ ताकदीचेच असले पाहिजेत. हाताशी मिळालेला त्याच मापाचा बोल्ट स्फोटाचा दाब सोसेलच असे नाही. सपाट सांध्याच्या समोर भिंत, पाइप किंवा लोखंडी आधार अगदी जवळ येऊ नये, कारण बाहेर पडणारा वायू आदळून परत तापतो. हे अंतर टू-ए साठी किमान १० मिलिमीटर, टू-बी साठी ३० आणि टू-सी साठी ४० ठेवावे. केबलच्या प्रवेशाचे आटे किमान पाच पूर्ण बसले पाहिजेत. न वापरलेल्या प्रत्येक छिद्राला प्रमाणित धातूचा ब्लँकिंग प्लग हवा. एका छिद्रात एकच अ‍ॅडॅप्टर चालतो, आणि अ‍ॅडॅप्टरमध्ये ब्लँकिंग प्लग बसवणे मान्य नाही. केबल गोल, आतून भरलेली आणि घट्ट नसेल, तर तिच्या तारांमधल्या पोकळीतून ज्वाला जाऊ शकते. तेथे रेझिन भरलेला बॅरिअर ग्लँड (केबल आत घेण्याची जोडणी) वापरावा लागतो.

इन्क्रीज्ड सेफ्टी पद्धतीत आत ठिणगी पडूच नये अशी रचना असते, त्यामुळे तेथे जपायचे असते ते टर्मिनल. तार टर्मिनलच्या धातूपर्यंत इन्सुलेशनसह पोहोचली पाहिजे, एका टर्मिनलखाली एकच तार घालावी, आणि उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावे. सैल टर्मिनल तापते आणि या पद्धतीचा सगळा आधारच जातो. या प्रकारच्या मोटरवर एक वेळ सेकंदांत लिहिलेली असते, आणि मोटर अडकून पडल्यास ओव्हरलोड रिलेने तेवढ्या वेळेच्या आत ती बंद केली पाहिजे. रिलेचे सेटिंग या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय मोटर सुरू करू नये.

इंट्रिन्सिक सेफ्टीची वाट वेगळी आहे. तेथे सर्किटमधली ऊर्जाच इतकी कमी ठेवतात की तार तुटली किंवा शॉर्ट झाली तरी ठिणगी मिश्रण पेटवू शकत नाही. वेल्समधील सेंगहेनिड खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी झालेल्या स्फोटात ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. संशय संकेत देणाऱ्या विद्युत घंटीच्या ठिणगीवर होता. कमी दाबाची बॅटरी म्हणजे आपोआप सुरक्षित, हा समज त्यानंतर टिकला नाही आणि ठिणगीतील ऊर्जेचा पद्धतशीर अभ्यास पुढे गेला.

या पद्धतीत एकट्या उपकरणाची पाटी पुरत नाही, पूर्ण लूपचा हिशेब मांडावा लागतो. सुरक्षित बाजूला बसवलेल्या बॅरिअरचा, म्हणजे क्षेत्राकडे जाणारी ऊर्जा मर्यादित ठेवणाऱ्या उपकरणाचा, कमाल व्होल्टेज, करंट आणि पॉवर हे क्षेत्रातील उपकरणाला मान्य असलेल्या आकड्यांच्या आत हवेत. शिवाय उपकरण आणि केबल यांची मिळून कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स बॅरिअरच्या मर्यादेत बसली पाहिजे. एक उदाहरण करून पाहू. बॅरिअर २८ व्होल्ट, ९३ मिलिअँपिअर, ०.६५ वॉटचा आहे आणि टू-सी साठी त्याला ८३ नॅनोफॅरड व ३ मिलिहेन्री मान्य आहेत. ट्रान्समीटर ३० व्होल्ट, १०० मिलिअँपिअर, ०.७५ वॉटपर्यंत स्वीकारतो, त्याची स्वतःची कपॅसिटन्स १० नॅनोफॅरड आहे आणि इंडक्टन्स नगण्य आहे. पहिले तीन आकडे बसतात. केबलसाठी उरतात ७३ नॅनोफॅरड. केबलचे आकडे माहीत नसतील तर मीटरमागे २०० पिकोफॅरड आणि १ मायक्रोहेन्री धरतात. त्या हिशेबाने कपॅसिटन्समुळे ३६५ मीटर आणि इंडक्टन्समुळे ३,००० मीटर मिळतात, म्हणून केबल ३६५ मीटरपेक्षा लांब नसावी. उपकरणाची कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स ही दोन्ही बॅरिअरच्या मर्यादेच्या एक टक्क्याहून अधिक असतील, तर मान्य आकडे निम्मे करावे लागतात.

हा हिशेब बरोबर असूनही जोडणीत चूक झाली तर उपयोग नाही. या सर्किटच्या तारा इतर तारांपासून वेगळ्या नेतात, टर्मिनलमध्ये इतर सर्किटपासून ५० मिलिमीटर अंतर ठेवतात आणि ओळखीसाठी रंग वापरायचा असल्यास फिका निळा वापरतात. झेनर बॅरिअरला स्वतःचे खात्रीचे अर्थिंग लागते आणि त्याचा रोध १ ओहमच्या आत असावा लागतो. जेथे असे अर्थिंग राखणे कठीण असते, तेथे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (दोन्ही बाजूंची सर्किट विद्युतदृष्ट्या अलग ठेवणारे उपकरण) निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

सहावी पायरी : पहिली तपासणी आणि पुढची देखभाल

वीज देण्यापूर्वी प्रत्येक उपकरणाची सविस्तर तपासणी होते. त्यासाठी ते उघडतात आणि पाटी, नकाशा व प्रमाणपत्र एकमेकांशी ताडतात. त्यानंतरच्या ठरावीक मुदतीच्या तपासण्या नजरेने किंवा जवळून केल्या जातात. नजरेच्या तपासणीत गायब झालेला बोल्ट दिसतो. शिडी आणि पाना घेऊन केलेल्या जवळच्या तपासणीत सैल बोल्ट सापडतो. दोन तपासण्यांतील अंतर तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय तीन वर्षांहून अधिक नसावे. हातात घेऊन फिरवायच्या उपकरणांची जवळून तपासणी वर्षातून किमान एकदा हवी, कारण ती आपटतात, पडतात आणि एका झोनमधून दुसऱ्यात जातात.

उघडण्यापूर्वी वीज तोडून, कुलूप लावून, झाकणावर लिहिलेला प्रतीक्षेचा वेळ पूर्ण होऊ द्यावा. आतला कपॅसिटर रिकामा व्हायला आणि तापलेला भाग थंड व्हायला तो वेळ दिलेला असतो. साधा मल्टिमीटर, मोबाइल फोन आणि इन्सुलेशन टेस्टर हीसुद्धा ठिणगीची साधने आहेत. ती झोनमध्ये नेण्यापूर्वी कामाचा लेखी परवाना आणि गॅस डिटेक्टरने केलेली हवेची चाचणी हवी, आणि काम लांबले तर चाचणी पुन्हा करावी.

दुरुस्तीत मूळ प्रमाणपत्राला धक्का लागू शकतो. फ्लेमप्रूफ मोटरच्या सांध्यावर वेल्डिंग करणे, आवरणाला नवे छिद्र पाडणे, वेगळ्या वर्गाचे वाइंडिंग भरणे ही कामे अशा उपकरणांच्या दुरुस्तीची पात्रता असलेल्या कार्यशाळेकडेच द्यावीत आणि काय केले याची नोंद लेखी घ्यावी. उपकरणाच्या प्रत्येक टॅग क्रमांकामागे एक फाइल ठेवावी. तीत प्रमाणपत्र, उत्पादकाची सूचनापुस्तिका, त्या जागेचा झोननकाशा, लूपचा हिशेब, तपासणीच्या तारखा आणि आढळलेले दोष यांची नोंद असावी. प्रक्रियेत नवा पदार्थ आला, वायुवीजनाचा पंखा बदलला किंवा तापमान वाढवले, तर त्या भागातील प्रत्येक फाइल उघडून पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासावे लागते.